‘जमणार नाही’चा इतिहास



ज्या सरांच्या स्मरणार्थ दर वर्षी आपण इथे जमतो, त्यांना सत्काराची भाषणं सहन होत नसत, असं व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला फोनवर दोनदा बजावलं आहे. तेव्हा सरळ विषयाला हात घालतो.

मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांची पर्यावरणाबाबत जबाबदारी काय, हा आजचा विषय. पिंपरी-चिंचवडमध्ये या विषयावर बोलणं जरा जोखमीचंच. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचं तरी घर टेल्को, बजाज, चाकणचे कारखाने किंवा भोसरीतलं एखादं वर्कशॉप यांच्यावर उभं राहिलेलं असणार. त्यामुळे कंपन्यांना शिव्या देऊन टाळ्या मिळवण्याचा मोह मला नाही. गेल्या सत्तर वर्षांत या उद्योगाने ‘हे जमणार नाही’ असं कधी कधी म्हटलं आणि पुढे काय झालं, एवढंच तुमच्यापुढे मांडायचं आहे.

सुरुवात लॉस एंजेलिसपासून. १९४०च्या दशकात या शहरावर डोळे झोंबवणारा पिवळट धूर साचू लागला. संशय आधी कारखान्यांवर गेला, तेल शुद्धीकरणावर गेला, घरामागे कचरा जाळणाऱ्यांवर गेला. शेजारच्या पासाडेनात कॅलटेक संस्थेत आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ होते. अननसाचा वास नेमका कोणत्या रसायनांमुळे येतो, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. वासातले सूक्ष्म घटक पकडायची उपकरणं हाताशी होतीच, ती त्यांनी खिडकीबाहेरच्या हवेला लावली. न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की हा धूर तयार होतो, आणि या दोन्ही गोष्टींचा मोठा भाग मोटारींतून येतो, हे त्यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं.

१९५३ मध्ये लॉस एंजेलिस परगण्याचे एक लोकप्रतिनिधी, केनेथ हान, यांनी फोर्ड कंपनीला पत्र लिहून विचारलं की या धुरावर तुमच्याकडे काही संशोधन चालू आहे का. उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा : गाडीतून वायू बाहेर पडतात खरे, पण ते हवेत लगेच विरून जातात, काळजीचं कारण नाही. हान चिवट निघाले. ते वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिले, कंपन्या सौजन्याने उत्तरं देत राहिल्या. संशोधन चालू आहे, प्रश्न गुंतागुंतीचा आहे, उपाय सापडला की कळवू.

पडद्यामागे काय चाललं होतं, ते बाहेर यायला १९६९ उजाडलं. त्या जानेवारीत अमेरिकेच्या न्याय खात्याने बड्या मोटार कंपन्यांवर खटला भरला. प्रदूषण कमी करणाऱ्या उपकरणांवर आपण सगळे मिळून काम करू, असा करार कंपन्यांनी १९५५ मध्ये केला होता. ऐकायला तो छान वाटतो. न्याय खात्याचं म्हणणं असं, की एकट्याने कुणी पुढे जायचं नाही हाच त्याचा खरा उपयोग होता. कंपन्यांनी आरोप मान्य केला नाही, पण त्याच वर्षी तडजोड करून असं संगनमत पुन्हा न करण्याचं बंधन स्वीकारलं.

आता मधला एक प्रसंग सांगतो, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याची किल्ली त्यात आहे. कॅलिफोर्नियात असा कायदा होता, की धूर कमी करणारी किमान दोन उपकरणं सरकारी मंडळाने मंजूर केली, की ठरावीक मुदतीनंतर प्रत्येक नव्या गाडीत ती बसवणं सक्तीचं. मोटार कंपन्या सांगत होत्या की एवढ्यात शक्य नाही. १९६४ च्या जूनमध्ये मंडळाने चार उपकरणं मंजूर केली. चारही बाहेरच्या, स्वतंत्र उत्पादकांची. म्हणजे मोटार कंपन्यांना दुसऱ्याचा माल विकत घेऊन आपल्या गाडीत बसवावा लागणार! ऑगस्टमध्येच कंपन्यांना साक्षात्कार झाला, की १९६६ च्या मॉडेलसाठी त्या स्वतःच उपाय देऊ शकतात. दोन महिन्यांत विज्ञान बदललं नव्हतं. बाजारात दुसरा कुणीतरी उभा राहिला होता, एवढंच.

१९७० च्या शेवटच्या दिवशी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली. सिनेटर एडमंड मस्की यांच्या आग्रहाने त्यात एक कडक कलम आलं होतं : कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन १९७५ पर्यंत नव्वद टक्क्यांनी खाली आणायचे. डेट्रॉइटमध्ये, म्हणजे मोटार कंपन्यांच्या गावात, हलकल्लोळ झाला. तंत्रज्ञान अस्तित्वातच नाही, कारखाने बंद पडतील, लोक बेकार होतील. हीच तीन वाक्यं पुढे पन्नास वर्षं, देश आणि भाषा बदलून, आपण ऐकत आलो आहोत.

डिसेंबर १९७२ मध्ये होंडाने आपलं नवं इंजिन अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या प्रयोगशाळेत तपासणीला दिलं. होंडा तेव्हा जगाच्या दृष्टीने मोटारसायकलवाली कंपनी होती, चारचाकीत येऊन दहा वर्षंही झालेली नव्हती. इंजिनाची कल्पना अशी : मुख्य सिलिंडरला लागून एक छोटी कोठडी. ठिणगी त्या कोठडीत पडते, तिथलं मिश्रण पेट्रोलने गडद असतं, ते भडकतं, आणि त्या ज्वाळेने मुख्य सिलिंडरातलं पातळ मिश्रण पूर्ण जळतं. मुळात जळण नीट झाल्यामुळे धूर मागाहून गाळावाच लागत नाही. १९७५ ची मर्यादा या इंजिनाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय पार केली.

डेट्रॉइटहून प्रतिक्रिया आली की छोट्या गाडीत ठीक आहे, आमच्या मोठ्या इंजिनांना हे चालणार नाही. मग होंडाने जनरल मोटर्सचीच एक शेवरोले इंपाला विकत घेतली. आठ सिलिंडरची, ऐसपैस. तिच्या इंजिनावर आपल्या पद्धतीचे सिलिंडर हेड बसवले आणि गाडी त्याच प्रयोगशाळेत नेली. तीही पास झाली. इतकं नेमकं आणि इतकं उद्धट उत्तर अभियांत्रिकीच्या इतिहासात क्वचितच कुणी दिलं असेल.

होंडा कंपनीच्याच इतिहासात याला जोडून एक गोष्ट सांगतात. सोइचिरो होंडा यांना या इंजिनात बड्या कंपन्यांच्या बरोबरीने उभं राहायची संधी दिसत होती. तसं त्यांनी बोलून दाखवल्यावर त्यांच्या तरुण अभियंत्यांना ते आवडलं नाही. आम्ही हे कंपनीसाठी करत नाही, समाजासाठी करतो आहोत, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. अभियंत्यांना चाड होती, मालकाला चढाओढ दिसत होती, आणि दोघांच्या मागे कायद्याची तारीख उभी होती. ती तारीख नसती तर ते इंजिन त्या वर्षी कुणी त्या प्रयोगशाळेत नेलं असतं, असं मला वाटत नाही.

धुराची गोष्ट इथवर. इंधनाची त्याहून गमतीची आहे.

१९७३ च्या अरब तेलबंदीनंतर अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तिथली नवी मोटार तेव्हा लीटरला सरासरी सहा किलोमीटरही जात नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये कायदा झाला : प्रत्येक कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढायची आणि १९८५ पर्यंत ती गॅलनला साडेसत्तावीस मैलांवर, म्हणजे लीटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास न्यायची. दहा वर्षांत दुप्पट. पुन्हा तोच आक्रोश झाला, आणि आक्रोश करणाऱ्यांत फोर्डचे तेव्हाचे अध्यक्ष ली आयाकोका आघाडीवर होते.

१९८५ साल आलं. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांना सरासरी गाठता येईना, म्हणून त्यांनी सरकारकडे सवलत मागितली आणि रेगन सरकारने पुढच्या वर्षांसाठी मर्यादा सव्वीस मैलांवर उतरवली. या सवलतीला कडाडून विरोध कुणी केला? क्रायस्लर कंपनीने. तिच्या प्रमुखपदी तोवर हेच आयाकोका आले होते. क्रायस्लरने छोट्या गाड्यांसाठी पैसा ओतून मर्यादा गाठली होती. आता नापासांना पास करणार असाल तर आम्ही अभ्यास कशाला केला, असा त्यांचा सवाल. माणूस तोच, फक्त खुर्ची बदलली होती. मला यात ढोंग दिसत नाही. कंपनीचा प्रमुख कंपनीच्या बाजूनेच बोलणार. आपण नागरिकांनी एवढंच पाहायचं, की आज कुणाचा खर्च होऊन गेला आहे आणि कुणाचा व्हायचा आहे. नियमाबद्दलची मतं बहुधा त्या रेषेवर विभागलेली असतात.

या कायद्याला एक भोक राहिलं होतं. साडेसत्तावीसची अट मोटारींना होती. हलक्या ट्रकांसाठी वेगळी, बरीच ढिली मर्यादा. हेतू चांगला होता : शेतकरी, सुतार, प्लंबर यांच्या कामाच्या गाड्यांवर बोजा नको. १९९६ पासून जवळपास दहा वर्षं ट्रकांची मर्यादा वीस पूर्णांक सात मैलांवर अडकली होती. आणि ट्रक कशाला म्हणायचं? मागची आसनं काढून सपाट तळ करता आला, किंवा गाडी जमिनीपासून पुरेशी उंच असली, की झाला ट्रक. क्रायस्लरची पीटी क्रूझर तुम्ही चित्रात पाहिली असेल, जुन्या सिनेमातल्या गाडीसारखी गोंडस. ती या हिशेबात ट्रक होती, कारण तिची मागची आसनं निघत. छोटी असल्याने पेट्रोल कमी पिई आणि क्रायस्लरच्या खऱ्या मोठ्या ट्रकांची सरासरी सावरून धरी. सुबारूने २००५ च्या मॉडेलमध्ये आपली आउटबॅक थोडी उचलली आणि तीही ट्रक झाली. एसयूव्हीची लाट ही निव्वळ ग्राहकांची हौस होती असं कुणी म्हणालं, तर त्याला ही दोन उदाहरणं जरूर सांगा. हौस होतीच, पण त्या हौसेला नियमाने सवलत दिली होती. कुटुंबाची मोटार हळूहळू नाहीशी झाली आणि तिच्या जागी कायद्याने ट्रक, पण दिसायला बंगल्यासारखं काहीतरी उभं राहिलं. २०२५ च्या जुलैमध्ये तर अमेरिकन काँग्रेसने ही सरासरी न गाठल्याचा दंडच शून्यावर आणून ठेवला. कायदा पुस्तकात आहे, मोडला तर शिक्षा नाही.

युरोपने आधी सभ्य मार्ग धरला. १९९८ मध्ये तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने शब्द दिला, की २००८ पर्यंत नव्या गाड्यांचं सरासरी कार्बन उत्सर्जन किलोमीटरला १४० ग्रॅमवर आणू. आणलं नाही. मग २००९ मध्ये सक्तीचा नियम आला, दंडासकट : ठरल्यापेक्षा जास्तीच्या दर ग्रॅममागे, विकलेल्या दर गाडीमागे पंचाण्णव युरोपर्यंत. त्यानंतर आकडा अधिक वेगाने खाली येऊ लागला. स्वेच्छेबद्दल यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही.

फोक्सवॅगनचं प्रकरण तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे ते थोडक्यात, आणि मग त्यातला पुण्याशी जोडलेला भाग सांगतो. २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहानशा गटाने डिझेल गाड्यांच्या डिकीत धूर मोजायची यंत्रं आणि ती चालवायला जनरेटर कोंबला आणि कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर गाड्या पळवल्या. एक गाडी तर लॉस एंजेलिसहून सिअ‍ॅटलपर्यंत. या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय संशोधक होते. फोक्सवॅगनच्या दोन गाड्या प्रयोगशाळेत शहाण्यासारख्या वागत आणि रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या कितीतरी पट सोडत. त्याच चाचणीतली तिसरी गाडी, बीएमडब्ल्यूची, रस्त्यावरही जवळपास नेमस्त होती. म्हणजे इथेही तेच : ‘जमणार नाही’ म्हणावं, तर शेजारच्याला जमलेलं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये बिंग फुटलं. जगभरात एक कोटी दहा लाख गाड्यांत चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर होतं. आपण प्रयोगशाळेतल्या रोलरवर आहोत की रस्त्यावर, हे गाडी ओळखत असे.

भारतात चौकशी आली ती आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयकडे, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाकडे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था देशातल्या गाड्यांना प्रमाणपत्र देते. तिच्या रस्त्यावरच्या चाचण्यांत उत्सर्जन मर्यादेपेक्षा जास्त आढळलं आणि कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मात्र आम्ही भारतातला कोणताही नियम मोडलेला नाही, ही तिची भूमिका कायम राहिली. आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही, कारण रस्त्यावर मोजायचा नियमच तेव्हा आपल्याकडे नव्हता. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला, सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात कारवाईला स्थगिती दिली. रस्त्यावरच्या उत्सर्जनाची अट आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून लागू झाली. चौकातल्या पीयूसीच्या टपरीवर मिळणाऱ्या कागदावर फार भिस्त ठेवू नका : पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तिथे जागच्या जागी मोजतात, डिझेलच्या धुराचा काळेपणा मोजतात, पण ज्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांवरून जगभर गदारोळ झाला, ती मोजतच नाहीत.

आता घरचा ‘जमणार नाही’. आपल्याकडे तो एकट्या मोटार कंपन्यांचा नसतो, जोडीला तेल कंपन्या असतात. गाडीवाले म्हणणार, स्वच्छ पेट्रोल द्या मग स्वच्छ इंजिन देतो. तेलवाले म्हणणार, आधी तसं इंजिन आणा. या टोलवाटोलवीला पहिल्यांदा वेळापत्रक लावलं ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने. सप्टेंबर २००१ मध्ये ती नेमली, २००२ मध्ये अहवाल आला, आणि भारत स्टेज दोन, तीन हे उत्सर्जन-मर्यादेचे टप्पे कोणत्या शहरात कधी, हे इंधन आणि इंजिन दोन्हींसाठी एकत्र ठरलं. सरकारने उत्सर्जनाची मर्यादा ठरवावी, इंधन कोणतं आणि तंत्रज्ञान कोणतं ते उद्योगावर सोडावं, ही समितीची भूमिका होती. दिल्लीच्या बसपुरती सर्वोच्च न्यायालयाने ती मानली नाही, सीएनजीचा आग्रह सोडला नाही. मुंबईत त्याआधीच उच्च न्यायालयाने नेमलेल्या लाल समितीमुळे काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर जाऊ लागल्या होत्या. तत्त्व म्हणून मला माशेलकरांचं म्हणणं पटतं. पण तपासणारी यंत्रणा ढिली असली की तत्त्व पांगळं होतं, आणि त्या वेळी दिल्लीच्या हवेला तत्त्वासाठी थांबायला सवड नव्हती.

२९ मार्च २०१७ ची आठवण इथल्या बऱ्याच जणांना असेल. एक एप्रिलपासून भारत स्टेज तीनच्या गाड्या विकायच्या नाहीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. कंपन्यांकडे आठ लाखांवर गाड्या पडून होत्या, त्यात बहुतेक दुचाकी. पुढचे दोन दिवस शोरूमबाहेर जत्रा भरली. दहा-बारा हजारांपासून वीस-बावीस हजारांपर्यंत सूट, रात्री उशिरापर्यंत पावत्या फाडणं चालू. एरवी हेल्मेट फुकट मागितलं तर तोंड वाकडं करणारे डीलर हात जोडून बोलावत होते. कंपन्यांचं म्हणणं होतं की आम्हाला फक्त उत्पादन थांबवायचं आहे असं वाटलं, विक्री नव्हे. न्यायालयात याच्या विरुद्ध बाजूने उभी होती आकुर्डीची बजाज ऑटो. तिने आधीच नव्या दर्जाच्या गाड्या बनवायला घेतल्या होत्या. आयाकोकांची क्रायस्लर आठवते ना?

भारत स्टेज चारवरून पाचवी पायरी गाळून थेट सहावर उडी मारायचं सरकारने २०१६ च्या जानेवारीत जाहीर केलं, तेव्हाही चार वर्षांत हे होणं नाही असं सांगितलं गेलं. एक एप्रिल २०२० ला झालं.

यावरून मी एवढंच म्हणतो, की उद्योगाला ‘शक्य आहे का?’ असं एकगठ्ठा विचारायचं नसतं. संघटनेचं उत्तर सगळ्यात मागे असलेल्या सभासदाच्या चालीने येतं. कुणाला आधीच जमलं आहे ते शोधायचं, आणि नियम असा लिहायचा की त्याचा फायदा होईल. कंपनीची जबाबदारी म्हणून जे काही असतं, ते मला तिथे, म्हणजे रांग मोडणाऱ्याच्या हिशेबवहीत, सापडतं. वार्षिक अहवालातल्या झाडं लावतानाच्या फोटोंत सापडत नाही.

आता या घडीचा वाद. आपल्याकडे इंधनाच्या सरासरीचा नियम २०१७ पासून लागू आहे. पहिल्या टप्प्यात किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, २०२२-२३ पासून दुसऱ्या टप्प्यात ११३. हे साधारण लीटरला अठरा आणि एकवीस किलोमीटर. ऐकायला चांगलं. पण हा आकडा सगळ्यांना सारखा नाही, तो वजनावर ठरतो. दुसऱ्या टप्प्याचं सूत्र असं, की कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन ११४५ किलोच्या वर गेलं, की दर शंभर किलोमागे शंभर किलोमीटरला ०.२ लीटर इंधनाची मुभा वाढते. हिशेब करून पाहा. सरासरी ९५० किलोच्या गाड्या विकणाऱ्या कंपनीला लीटरला जवळपास तेवीस किलोमीटर गाठावे लागतात. १५०० किलोच्या गाड्या विकणाऱ्या कंपनीला सव्वाअठरा पुरतात. म्हणजे जड गाड्यांच्या कंपनीसाठी ११३ नाहीतच, तिच्यासाठी पहिल्या टप्प्याचेच १३० चालू आहेत. वजन वाढवा, मुभा घ्या! २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्यांत ६५ टक्क्यांच्या आसपास एसयूव्ही आणि त्यांचे भाईबंद होते. अमेरिकेच्या ट्रकांची गोष्ट मी उगाच सांगितली नाही.

मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी यावर तक्रार मांडली, की कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या गाडीलाच नियम जाचतो. तक्रार खरी आहे. पण उपाय काय निघाला? सप्टेंबर २०२५ च्या तिसऱ्या टप्प्याच्या मसुद्यात ९०९ किलोपर्यंतच्या, १२०० सीसीच्या आतल्या, चार मीटरपेक्षा आखूड पेट्रोल गाड्यांना खास सवलत सुचवली. टाटा आणि महिंद्र यांचा विरोध आला : वजनाला सवलत म्हणजे सुरक्षिततेला शिक्षा, आणि एकाच कंपनीच्या सोयीचा नियम. दोन्ही बाजू एकमेकींबद्दल जे बोलतात ते बरंचसं खरं आहे, हे या भांडणाचं वैशिष्ट्य. माझं मत विचाराल तर ९०९ किलोची रेघ ओढली, की गाड्या ९०५ किलोच्या होऊ लागतील, पीटी क्रूझर ट्रक झाली तशा. रोग वजनाबरोबर मुभा वाढवणाऱ्या त्या सूत्रात आहे. जड गाडीला मिळणारी ज्यादा मुभा टप्प्याटप्प्याने काढून टाका, छोट्या गाडीला वेगळी सवलत मागावीच लागणार नाही. सुरक्षिततेचा मुद्दा मी हलका मानत नाही, पण गाडीच्या आत बसलेल्याचीच सुरक्षितता कशी मोजायची? २०२२ च्या सरकारी आकडेवारीत रस्ते अपघातांत मेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवर होते. त्यांच्या अंगावर येणाऱ्या गाडीचं वजन हाही त्यांच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

मायलेजच्या आकड्यांत आपली सगळ्यांची एक फसगत होते, तीही सांगून टाकतो. समजा महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालते. दहाचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी बाराचं देऊ लागली, तर शंभर लीटरऐवजी त्र्याऐंशी लागतील, सतरा वाचले. विसाचं देणारी पंचविसाचं देऊ लागली, तर पन्नासाऐवजी चाळीस, वाचले दहाच. आपल्याला पाच किलोमीटरची वाढ मोठी वाटते, दोनाची किरकोळ. खरी बचत मात्र जड, खादाड गाडीत दडलेली आहे, आणि आपला नियम तिथेच सैल आहे. म्हणून गाडीच्या काचेवर ‘लीटरला किती किलोमीटर’ याऐवजी ‘शंभर किलोमीटरला किती लीटर’ लिहायला लावावं. तेही एसी बंद ठेवून, नव्वदच्या वर वेग न नेता रोलरवर काढलेल्या आकड्यावरून नव्हे.

विजेच्या गाड्यांबद्दल थोडक्यात, कारण त्या विषयाला वेगळी संध्याकाळ लागेल. दुसऱ्या टप्प्याच्या हिशेबात विजेची एक गाडी तीन गाड्या म्हणून मोजतात. देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशातून येते, ते या हिशेबात दिसत नाही. नव्या तंत्रज्ञानाला सुरुवातीला हात द्यावा, हे कबूल. पण एका विजेच्या गाडीच्या आडून दोन-तीन डिझेल एसयूव्ही खपत असतील, तर त्या सवलतीला शेवटची तारीख हवी.

दंड आहे का? कागदावर आहे. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्यात मर्यादेपेक्षा शंभर किलोमीटरला ०.२ लीटरपर्यंत जास्त असेल तर गाडीमागे पंचवीस हजार, त्याहून जास्त असेल तर पन्नास हजार. युरोपात कोणत्या कंपनीची कोणती गाडी किती ग्रॅम सोडते, याची माहिती दर वर्षी कुणालाही उतरवून घेता येते. तशी यादी आपल्याकडे दर वर्षी, ठरल्या महिन्यात, कंपन्यांच्या नावासकट आणि सरासरी वजनासकट वर्तमानपत्रात यायला लागली, तर दंडाइतकाच तिचा धाक राहील.

एक मुद्दा राहिला, तो या शहराचा आहे. नियम कडक करायची वेळ आली, की कंपन्या हटकून भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकाला पुढे करतात : तो मरेल, त्याचे कामगार रस्त्यावर येतील. काळजी खोटी नाही. २०२० मध्ये दुचाकीतला कार्बोरेटर जाऊन त्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा कार्बोरेटरचे सुटे भाग बनवणाऱ्यांचं काय झालं, हे तुमच्यापैकी काहींनी सोसलेलं असेल. विजेच्या गाडीत पिस्टन नाही, रिंग नाही, हेड गॅस्केट नाही, सायलेन्सर नाही. कंपनी सरकारकडे पाच वर्षांची मुदत मागते आणि आपल्या व्हेंडरला पुढच्या महिन्याचं शेड्यूल देते. सीएनसी मशीनचं कर्ज सात वर्षांचं असतं. तेव्हा इंधनाच्या नियमात सवलत मागणाऱ्या प्रत्येक कंपनीला सरकारने एक अट घालावी : कोणता भाग कोणत्या वर्षानंतर लागणार नाही, याचं वेळापत्रक तिने आपल्या पुरवठादारांना लेखी द्यावं आणि त्याची एक प्रत मंत्रालयात जमा करावी. ते वेळापत्रक कंपन्यांच्या नियोजन विभागात आजही असतं, हे इथल्या परचेस खात्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटं राखलेली आहेत असं संयोजक खुणावत आहेत, तेव्हा परचेसवाल्यांपासूनच सुरुवात करू.